गार पाण्याची फट

तिला सगळे पाणबुडी म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी चिडवायला म्हटलं होतं, पण तिला ते नावच आवडलं आणि चिडवणाऱ्याची मजा गेली. एखाद्या होडीच्या पंख्यात जाळं गुंतो, नांगर तुटून तळाला जावो, नाहीतर बुडाला कालवं चिकटून होडी जड होवो, बंदरातली पहिली हाक तिलाच जायची. पन्नाशीला टेकलेली बाई. जिना चढताना कठडा धरायची, गुडघ्यांना शिव्या द्यायची. पाण्यात शिरली की मात्र तिचं वय वर होडीतच राहायचं.

तिला पाण्याची गोडी लावली ती दादानं, तिच्या थोरल्या भावानं. वडील लवकर गेले, आई दिवसभर बर्फाच्या कारखान्यात. मग हिला सांभाळायचं कुणी? दादा तिला अंगणातल्या पिंपात तोंड बुडवायला लावायचा आणि आकडे मोजायचा. मोजताना मुद्दाम चुकायचा, मागे जायचा, आणि ती लालबुंद होऊन वर आली की पोट धरून हसायचा. ती त्याला बुक्के मारायची आणि पुन्हा तोंड बुडवायची. पुढे दोघांनी मिळून तोच धंदा केला. ती खाली, तो वर होडीत. होडीत हवेचा पंप, पंपाची रबरी नळी तिच्या तोंडाशी, आणि नळीवर दादाचा हात. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ओढ. इतकी वर्षं तिचा श्वास त्याच्या मुठीतून येत होता. वर काय चाललंय म्हणून तिनं कधी मान उचलून पाहिलं नव्हतं.

लग्न झालं होतं तिचं. नवरा मालवाहू बोटीवर नोकरीला गेला आणि बोटीचाच झाला. "माझी सवत पोलादाची आहे," असं ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच आधी हसायची. मग दादाच्या घरी, वरच्या खोलीत ती राहायला आली. खोलीला एक खिडकी, खिडकीबाहेर तार, तारेवर घरच्यांच्या कपड्यांशेजारी हिचा रबरी पोशाख उलटा टांगलेला. नवीन माणूस अंगणात आलं की दचकायचं. बिनडोक्याचं कुणीतरी लटकतंय असं वाटायचं. वहिनीनं कधी कुरकुर केली नाही. "मला नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर आधी नणंदेची परवानगी लागते," एवढंच ती म्हणायची, तेही हसून.

धक्क्यासमोर, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, खडकांच्या कड्यानं वेढलेलं उथळ पाणी होतं. त्याला सगळे तळंच म्हणायचे. होड्या त्याच्या आडोशाला बांधलेल्या असत. तळ्याच्या तळाशी प्रवाळांचं रान होतं. शिंगांसारखी, पंख्यांसारखी, मेंदूच्या घड्यांसारखी, तपकिरी, पिवळी, जांभळी. त्यांच्यात मासे अंडी घालायचे, पिल्लं लपायची. आणि समुद्राच्या बाजूला, खडकांच्या रांगेत एक फट होती. दोन होड्या शेजारी शेजारी जेमतेम मावतील एवढी.

त्या फटीची किंमत तिला एका वाईट उन्हाळ्यात कळली. त्या वर्षी समुद्र तापला तो निवायलाच तयार नव्हता. बंदराशेजारच्या टेकाडाच्या पलीकडच्या उथळ समुद्रातली प्रवाळं पांढरी पडली, वाळत घातलेल्या हाडांसारखी. तेव्हा बंदरावर समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई नुकत्याच आल्या होत्या. जुन्या कोठाराच्या वरच्या दोन खोल्यांत त्यांचं केंद्र होतं. दारावर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं, म्हणून पहिला महिनाभर लोक खोकल्याचं औषध मागायला जायचे. त्यांचं नाव डॉक्टरीणबाई पडलं ते पडलंच.

डॉक्टरीणबाईंनी पाणबुडीला सोबत घेतलं. तळ्यात जागोजागी पाण्याचं तापमान मोजणारी यंत्रं खडकांना बांधायची होती. दादा नेहमीप्रमाणे वर नळी धरून. काम संपल्यावर तिघं होडीत बसून चहा पीत असताना पाणबुडी म्हणाली, "बाई, पलीकडे सगळं पांढरं आणि आमच्या तळ्यात अजून रंग आहे. असं का?"

"फटीपाशी हात घातला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घालायला कशाला हवा? तिथं गेलं की दात वाजतात."

"मग तेच. फटीबाहेर तळ एकदम खोल जातो ना? भरतीच्या जोराबरोबर खालचं गार पाणी त्या उतारावरून वर चढतं आणि फटीतून आत शिरतं. रोज. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि तेच खाऊ घालतं. पाणी आठवडेच्या आठवडे तापलेलं राहिलं की प्रवाळ त्याला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. उपाशी. पाणी वेळेवर निवलं तर शेवाळ परत येतं, प्रवाळ जीव धरतं. नाही निवलं तर मग संपलं. तुमच्या तळ्याला रोज थोडा थोडा गारवा मिळतोय, म्हणून ते तगून आहे."

दादा सगळं कान देऊन ऐकत होता. "म्हणजे आमच्या तळ्याला देवानं पंखा लावून दिलाय म्हणा की," तो म्हणाला, आणि तिघंही हसले.

दादाला हे माहीत होतं, ते असं.

त्या उन्हाळ्यानंतर काही वर्षं बरी गेली. मग एका वादळात त्याच फटीतून लाटा आत घुसल्या. होड्या एकमेकींवर आदळल्या. दादाचा मुलगा होडी सोडवायला धक्क्यावर धावला आणि त्याचा पाय होडी आणि दगडाच्या मध्ये सापडला. पाय वाचला, पण सरळ पुन्हा झाला नाही. पाणबुडीनं त्याला कडेवर खेळवलं होतं. दवाखान्यात ती वहिनीच्या शेजारी बसून राहिली, आणि पोरगा शुद्धीवर येऊन "आत्या, होडी वाचली का?" म्हणाला तेव्हा दोघी एकदमच रडल्या.

त्यानंतर बंदरावर फट बुजवायची भाषा सुरू झाली. बंदराचा इंजिनिअर नकाशा घेऊन आला. फटीवर बंधारा घातला की लाट आत येणार नाही, होड्या सुरक्षित. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बंधारा थोडा बाजूला घ्या, लाट अडेल आणि पाणी वाहतं राहील. त्याला दगड जास्त लागतील आणि वेळही, इंजिनिअर म्हणाला. शेवटी ठरलं की होडीवाल्यांच्या सभेत काय तो निर्णय घ्यायचा. होडीवाल्यांचा अध्यक्ष होता दादा.

सभेच्या आधी पाणबुडी त्याच्यापुढे जाऊन बसली. "दादा, लाट अडवायला माझी ना नाही. पोराचा पाय मीही बघितलाय. पण फट पुरती बुजवू नका. बाई म्हणतात तसं बाजूनं घ्या."

"अगं, मला काय सांगतेस? मला ठाऊक नाही का?" दादा म्हणाला. "मी बोलतो सभेत. तू काळजी सोड."

नेमकं त्याच आठवड्यात दूरच्या गावी दोघांच्या म्हाताऱ्या आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. कुणीतरी जायला हवं होतं. "तूच जा," दादा म्हणाला. "तिला तुझ्याशिवाय कोण लागतं? सभेचं मी बघतो." त्यानं स्वतः तिला गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, आत्याला नमस्कार सांग म्हणाला.

ती परत आली तेव्हा फटीशी दगडांनी भरलेले तराफे उभे होते.

"सभेत जमलं नाही गं," दादा म्हणाला. त्याची नजर ताटात होती. "बहुमत तिकडे गेलं. मी खूप सांगून पाहिलं."

तिला वाईट वाटलं. त्याच्याबद्दलही वाटलं. एकटा पडला असेल बिचारा, असं वाटून तिनंच त्याची समजूत काढली. मग ती कोठारावर गेली. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाल्या नाहीत. "यंत्रं मी काढून घेईन हळूहळू," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्रास घेऊ नका." एवढं बोलून त्यांनी दार लावलं. पाणबुडी जिन्यावर उभी राहिली. काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं, पण काय ते सुचेना.

ते तिला इंजिनिअरनं सांगितलं, आणि तेही आभार मानता मानता. ती धक्क्यावर एका होडीचा पंखा तपासत होती, तो डोक्यावर पिवळी टोपी घालून आला आणि मनापासून म्हणाला, "ताई, बरं झालं तुमचं मत मिळालं. नाहीतर आम्ही त्या बाईंच्या म्हणण्यावर अडकलो असतो."

"माझं कुठलं मत?"

"हेच की फट बुजवली तरी खालच्या प्रवाळांना काही होत नाही. तुमच्या दादांनी सांगितलं ना सभेत. माझी बहीण रोज खाली उतरते, तिनं सगळं डोळ्यांनी बघितलंय, ती म्हणते खुशाल बुजवा. त्यावर बाई गप्पच झाल्या. मग कोण कशाला बोलतंय?"

पाणबुडीच्या हातात पाना होता. तो तिनं हळूच खाली ठेवला, जणू आवाज झाला तर काहीतरी फुटेल. इंजिनिअर पुढं बोलतच होता, दगडांच्या आकाराबद्दल काहीतरी. तिला फक्त गाडीची खिडकी दिसत होती, आणि आत येणारा, पाण्याची बाटली धरलेला हात.

"मी असं काही म्हटलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

इंजिनिअरचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो. "अहो, पण आता तळाचे दगड टाकून झालेत," तो म्हणाला. "हे तुम्ही सभेत येऊन सांगायला हवं होतं."

ती तडक घरी गेली. दादा अंगणात पंपाचा पट्टा बदलत होता. वहिनी ओट्याशी काहीतरी निवडत होती.

"माझ्या नावानं काय सांगितलंस सभेत?"

दादानं पट्टा सोडला नाही. आधी तो चाकावर बसवला. मग म्हणाला, "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग म्हणू द्यायचं होतंस!"

"पोराचा पाय बघितलास ना तू? रोज जिना चढताना त्याचा आवाज ऐकतेस ना? मी बाप आहे गं. बाजूनं बांधायचं म्हणजे अजून दोन पावसाळे लाट आत येणार. ती बाई शिकलेली, तिच्यापुढं माझं कोण ऐकणार? तुझं ऐकतात सगळे. म्हणून तुझं नाव घेतलं. त्यात एवढं काय?"

"तुला बुजवायची होती तर स्वतःच्या तोंडानं बुजव म्हणायचं. मी समोर बसून भांडले असते, हरले असते, घरी येऊन तुझ्याच ताटाशेजारी जेवले असते. तू मला गावाला धाडलंस आणि माझ्या तोंडात तुझे शब्द कोंबलेस. आत्याचा डोळा पुढं केलास!"

"डोळा खरा होता," दादा पुटपुटला.

त्यावर तिला हसूच आलं, आणि त्या हसण्यानं वहिनी घाबरली. पाणबुडी तिच्याकडे वळली. "वहिनी, तू होतीस सभेत?"

वहिनीनं मान खाली घातली. "होते. मागच्या बाकावर."

बस्स, तेवढंच.

दुसऱ्या सकाळी काम ठरलेलं होतं, एका होडीचं सुकाणू सोडवायचं. दादा काहीच झालं नाही अशा थाटात पंप घेऊन आला. तिनं पोशाख चढवला, वजनं बांधली, नळी तोंडात घेतली. होडीच्या कडेवर बसली. दादाचा हात नळीवर होता, नेहमीसारखा सैल आणि सवयीचा. ती पाण्याकडे बघत बसली. खाली काळोखी निळाई होती, त्यात ती अर्धं आयुष्य वावरली होती. पण अंग पुढं जाईना. शेवटी तिनं नळी तोंडातून काढली, वजनं सोडली आणि होडीवाल्याला म्हणाली, "आज नाही जमणार." दादानं पंप बंद केला. त्याला कळलं होतं.

त्याच दुपारी ती पुन्हा कोठारावर गेली. या वेळी दार लागायच्या आत बोलून टाकलं. "बाई, ते मी म्हटलं नव्हतं. दादा खोटं बोलला." डॉक्टरीणबाई बाजूला झाल्या, खुर्चीवरचे कागद उचलले आणि म्हणाल्या, "बसा. मला विचारायला हवं होतं तुम्हाला. मी रागात बसले आणि विचारलंच नाही." दोघी मिळून इंजिनिअरकडे गेल्या, होडीवाल्यांकडे गेल्या. तिनं सभेच्या शेडमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. लोक चुळबुळले. एकजण म्हणाला, "बहीण-भावाचं भांडण घरात मिटवा की." दुसऱ्यानं घड्याळ बघितलं. ज्यांच्या होड्या त्या वादळात फुटल्या होत्या त्यांना बंधारा हवाच होता, आणि तसा तो का हवा हे तिलाही कळत होतं. पावसाळ्याआधी बंधारा पुरा झाला. त्या वर्षी एकही होडी फुटली नाही. दादाला लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

पाणबुडीनं वरची खोली सोडली. टायरच्या दुकानामागं एक खोली मिळाली, रबराचा वास होता, पण तिला रबराच्या वासाची सवय होती. सामान न्यायला वहिनी आली. दोन खेपांनंतर ती दारात थांबली. "नळी धरायला कुणी आहे का तुला?"

"नाही अजून."

"मला शिकव."

"मागच्या बाकावरून?" पाणबुडी म्हणाली.

वहिनीनं ते ऐकून घेतलं. "हो," ती म्हणाली. "तिथूनच उठून आलेय."

पाणबुडीला राग सोडायचा नव्हता, पण धंदा बंद ठेवूनही चालणार नव्हतं. तिनं वहिनीला झटके शिकवले, पंपाचा आवाज ओळखायला शिकवलं. वहिनी नळी इतकी आवळून धरायची की खाली हिला ओरडावंसं वाटायचं. हळूहळू जमलं. वहिनीवर पूर्ण विश्वास बसला असं नाही. पहिले कित्येक दिवस ती खालून अधूनमधून वर बघायची. आयुष्यात पहिल्यांदा.

मग तो उन्हाळा आला. वारा पडला, ढग फिरकले नाहीत, समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट झाला. बंधाऱ्याआड तळ्याचं पाणी कोंडून राहिलं. पूर्वी जिथं दात वाजायचे, तिथं आता आंघोळीला काढलेल्या पाण्यासारखं कोमट लागायचं. आधी प्रवाळांचे रंग विचित्र उजळले, निळसर, गुलाबी, चमकदार. वरून होडीतून बघणारे म्हणाले, वा, काय सुंदर दिसतंय. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातले आकडे बघितले आणि म्हणाल्या, हा तापाचा रंग आहे. मग तळं पांढरं पडत गेलं. आधी शिंगांसारखी, मग पंख्यांसारखी, शेवटी ती मोठी घड्यांची, जी पाणबुडीच्या आईच्याही आधीपासून तिथं होती. पाणबुडी रोज उतरायची. अजून उपाशी आहेत, अजून मेली नाहीत, असं स्वतःला सांगायची. पाणी निवेल, अजून वेळ आहे. पाणी निवलं नाही. पांढऱ्यावर हिरवट बुळबुळीत थर चढला, आणि त्या थराखाली जिवंत काही उरलं नाही. एक दिवस डॉक्टरीणबाई खाली तिच्या शेजारी तरंगत थांबल्या. त्यांच्या मास्कची काच आतून धुरकट झाली. पाणबुडीनं त्यांचा दंड धरला आणि त्यांना वर आणलं.

त्याच आठवड्यात दोघी बंधाऱ्याच्या बाहेरच्या अंगाला उतरल्या. तिथं गार पाणी अजून रोज वर चढत होतं, दगडांवर आदळून बाजूला वळत होतं. तिथली प्रवाळं फिकी पडली होती, पण हिवाळ्यापर्यंत बहुतेकांचा रंग परतला. मध्ये फक्त दगडांची जाडी होती. पाणबुडीनं बंधाऱ्याला हात लावून बघितला. बाहेरचा दगड गार होता.

तापमानाचे आकडे घेऊन डॉक्टरीणबाई इंजिनिअरकडे गेल्या तेव्हा त्यानं वाद घातला नाही. स्वतः होडीतून येऊन मेलेलं तळं बघून गेला. पुढच्या हिवाळ्यात बंधाऱ्याच्या पायथ्याशी दगड हलवून रुंद सिमेंटचे नळ बसवले, लाट वरच अडेल आणि खालून पाणी आत येईल असे. ते मंजूर करायच्या सभेला पाणबुडी पहिल्या बाकावर बसली होती. दादा अध्यक्षाच्या खुर्चीत होता. कुणाचा विरोध आहे का, असं त्यानं विचारलं, स्वतः काही म्हटलं नाही, आणि मागच्या सभेचा विषयही काढला नाही. ती शेवटपर्यंत वाट बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, दिवे बंद झाले.

नळांच्या तोंडाशी आता गार पाणी येतं. पूर्वीच्या मानानं थोडं, पण येतं. तिथल्या खडकांवर अंगठ्याच्या नखाएवढी नवी प्रवाळं बसली आहेत. शेवाळ खाणारे मासे परत आलेत, ते खडक घासून स्वच्छ ठेवतात, म्हणून त्यांना जागा मिळते. तळ्याच्या मधोमध मात्र नुसता चुरा आहे. किती वर्षं लागतील असं विचारलं की डॉक्टरीणबाई म्हणतात, मध्ये तापलेले उन्हाळे किती येतात त्यावर आहे. पाणबुडी म्हणते, आणि माझ्या गुडघ्यांवर.

परवा ती बाजारातून येत होती, पिशवीत कांदे आणि साबण. दादा समोरून आला. केस पांढरे झालेत त्याचे. दोघं थांबली. पोराच्या पायाची चौकशी झाली, नवीन बूट लागलाय त्याला, बरं चालतो. मग दादा घुटमळला आणि म्हणाला, "खाली कसं आहे आता?"

तिनं सांगितलं. नळांपाशी नवीन धरलंय, धक्क्याकडच्या बाजूला काही नाही, पाणी अजून मधे साचतं. कुठल्याही होडीवाल्यानं विचारलं असतं तर जसं सांगितलं असतं, तसंच, त्याच आवाजात. दादानं मान हलवली. अजून काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं. ती थोडी थांबली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि टायरच्या दुकानाच्या दिशेनं चालू लागली.